शेळीचा मागचा पाय

शेळ्या पाळणाऱ्या माणसाला कशाकशाची टंचाई भासते. पाल्याची भासते, पाण्याची भासते, उन्हाळ्यात सावलीचीही भासते. सल्ल्याची मात्र आजवर कुणाला भासलेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाखांच्या वर शेळ्या भरल्या, त्यातल्या एक कोटीहून जास्त एकट्या महाराष्ट्रातल्या. मोजणारे बिचारे वाड्यावस्त्या तुडवत फिरले, पण शेळ्यांबद्दल सल्ला देणारेही मोजावेत हे कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तर शेळ्यांचा आकडा त्यापुढं किरकोळ वाटला असता.

आमच्याकडं शेळ्या चार. दोन काळ्याकुट्ट उस्मानाबादी, एक पांढरी संगमनेरी आणि एक बांडी, जिची जात सांगताना विकणाराही चाचरला होता. वाडी सातारा जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. मी गणिताचा निवृत्त मास्तर. घरात आई, बायको आणि येणारेजाणारे.

शेळ्यांची कल्पना चुलतभावाची. तो पुण्यात कंपनीत आहे. शेळीपालनाचे सगळे व्हिडिओ त्यानं पाहिलेत. प्रत्यक्ष शेळी जवळून पाहिली आहे ती ताटात. एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यानं मला हिशेब मांडून दिला. "दादा, बघ. शेळी पाच महिन्यांत विते. दोन वर्षांत तीन वेतं. दर वेताला जुळी. चार शेळ्यांची दोन वर्षांत चोवीस करडं. त्यातल्या बारा माद्या. आता त्या माद्या विणार..." पत्रिकेवरची जागा संपली तेव्हा माझ्या शेळ्या गावच्या लोकसंख्येच्या पुढं गेल्या होत्या आणि चराईसाठी समोरचा डोंगर विकत घ्यायची वेळ आली होती. जन्मभर गणित शिकवूनही मला त्यात एकही चूक सापडली नाही. त्या गणितात शेळी मरत नव्हती, भाकड राहत नव्हती, लागोपाठ बोकडच देत नव्हती. आणि धार काढताना तिचा मागचा पाय कुणी धरायचा, हा प्रश्न तर मुळात अभ्यासक्रमातच नव्हता.

"पण भावजी, हे सगळं करणार कोण?" बायकोनं विचारलं.

"वहिनी, करायचं काय असतं त्यात? शेळी काहीही खाते."

लोणंदच्या बाजारात शेळ्या बघायला गेलो तेव्हा व्यापाऱ्यानं एकीचा जबडा फाकवून म्हटलं, "गुरुजी, दात बघा. चार दाती हाय." मी वाकून पाहिलं आणि दचकलो. "अहो, हिला वर पुढचा एकही दात नाही!" आजूबाजूची चारपाच माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. व्यापारी शांतपणे म्हणाला, "वरच्या पुढच्या दातांचं शेरडू कुठं गावलं तर मला बी सांगा गुरुजी, सर्कशीला विकू." शेळीला पुढचे दात फक्त खालीच असतात, आठ, वर नुसती टणक हिरडी. हे मला त्या दिवशी कळलं आणि त्या ज्ञानाची किंमत व्यापाऱ्यानं दर शेळीमागं लावून घेतली.

तर, शेळी काहीही खाते. हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येकाला मी आमच्या गोठ्यात आठवडाभर फुकट राहायला ठेवायला तयार आहे. पुस्तकात लिहिलंय की मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर सुका चारा आणि पावशेर खुराक द्यावा. पुस्तक शेळीनं वाचलेलं नसतं. मी पहाटे ओढ्याकाठची शेवरी नाहीतर सुबाभळीचा पाला तोडून आणतो आणि गव्हाणीत टाकतो. बांडी एकदा हुंगते आणि मान फिरवते, कारण त्यातली एक फांदी खाली पडली. जमिनीला टेकलेला पाला तिच्या लेखी उष्टा. मग तोच पाला पेंढी बांधून वर टांगायचा, तोही अशा उंचीवर की तिला मान ताणून, जमलं तर मागच्या दोन पायांवर उभं राहून खाता आलं पाहिजे. सहज तोंडात येईल असा टांगला तर तिचा अपमान होतो. पाण्याचंही तेच. बादलीत एक लेंडी पडली की ते पाणी बाद. ती लेंडी तिचीच असते, हे सांगून उपयोग नाही.

ही इतकी सोवळी बाई ज्या गोष्टी मिटक्या मारत खाते त्या वेगळ्या: आईचं जपमाळेचं गोमुख, निवडणुकीचं पत्रक (खळीसकट), आणि माझा हयातीचा दाखला. पेन्शनवाल्यांना तो दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. मी भरून, सही करून, खुर्चीवर ठेवून चष्मा आणायला आत गेलो होतो. बँकेत बाईंना सांगितलं, "दाखला भरला होता, पण शेळीनं खाल्ला." बाईंनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "मग तुम्ही हयात आहात याला पुरावा काय?" मी म्हटलं, "शेळीला आणू का?"

शेळीचं तोंड लागलेलं झाड वाढत नाही, असा आमच्याकडं समज आहे. हा समज ज्यानं काढला त्यानं शेजाऱ्यांची मोठी सोय केली. शेजारच्या तात्यांच्या पपईला फळ धरेना. "तुमच्या संगमनेरीनं शेंडा खाल्ला हुता गुरुजी, तवापास्नं." मी म्हटलं, "तात्या, ती पपई नर आहे. लांब देठांवर नुसती फुलं येतात, बघा." तात्या म्हणाले, "नर आसंल, पर तुमच्या शेरडानं खाल्ल्यावर झाली." तात्यांनीच पुढं अडुळशाचं कुंपण सुचवलं. अडुळशाला जनावरं तोंड लावत नाहीत, हे अगदी खरं. आमच्या शेळ्यांनी आजतागायत त्याचं एक पान खाल्लेलं नाही. त्या कुंपणावरून उडी मारून जातात.

आता धारेचं सांगतो, कारण माणसाची खरी पारख तिथं होते.

धार काढायची कृती सोपी आहे. कास कोमट पाण्यानं धुवायची, पुसायची. सड दोनच. अंगठा आणि पहिलं बोट सडाच्या मुळाशी आवळायचं म्हणजे दूध माघारी जात नाही, मग उरलेली बोटं एकेक करून मिटायची. ओढायचं नाही, पिळायचं. पहिल्या दोनचार चिळकांड्या वेगळ्या वाटीत घेऊन त्यात गुठळ्या नाहीत ना, हे बघायचं. असल्या तर कासेचं दुखणं समजायचं. एवढं सगळं व्हिडिओत नीट दाखवतात. व्हिडिओतली शेळी लाकडी चौथऱ्यावर उभी राहून समोरच्या डब्यातला मक्याचा भरडा खात असते. मी सुताराकडून तसा चौथरा करून घेतला. काळीला तो फार आवडला. त्यावरून तिला पत्र्यावर जाता यायला लागलं.

खाली उभी केली तर ती धार देते. पाव तांब्या भरेपर्यंत सज्जनपणानं देते. मग मागचा उजवा पाय उचलते, तांब्यात ठेवते आणि रवंथ करत लांब कुठंतरी बघते. बघायची तिला गरज नसते. तिच्या डोळ्यातली बाहुली आडवी, चौकोनी असते. मान न वळवता तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं, माझा चेहरा धरून.

तेव्हा पाय धरायला दुसरं माणूस लागतं. आणि इथं मला आयुष्यातला फार मोठा शोध लागला. आमच्या ओट्यावर बसून शेळीवर तासतास बोलणारी मंडळी असतात. कुणी म्हणतं उस्मानाबादी काढा, बोअर आणा. कुणी म्हणतं मक्याचा भरडा बंद करा, सरकी पेंड द्या. निवृत्त ग्रामसेवक दहा शेळ्या आणि एक बोकड अशा सरकारी गटाचा प्रस्ताव तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यातल्या कुणालाही मी नम्रपणे म्हटलं, "बरं झालं आलात, जरा पाय धरता का?" की त्याला एकदम गॅस बंद करायचा राहिलेला आठवतो. एकदा तर ज्याच्या घरी अजून चूल आहे त्यालाही आठवला. जे पाहुणे बायकोला नको असतात त्यांच्यासाठी आता ती आतूनच विचारते, "अहो, धारेची वेळ झाली का?" धारेची वेळ आमच्याकडं दुपारी दोनलाही होते.

आईला मात्र पाय धरणारं कुणी लागत नाही. शेळीचा पाय ती आपल्या गुडघ्याच्या बेचक्यात अडकवते आणि बोलायला लागते. काळी गपगुमान अर्धा लिटर देते. मला वाटायचं आईच्या हाताला गुण आहे. एक दिवस भिंतीआडून ऐकलं तर आई तिला सांगत होती, "आणि मग थोरलीनं पाटल्या मोडल्या गं, धाकटीला न सांगता. आता काय करतीस?" काळी रवंथ थांबवून ऐकत होती. दुधाची धार सलग चालू होती.

मी तोच प्रयोग केला. पण मास्तराजवळ सांगण्यासारखं काय असणार? मी पाढे म्हणायला घेतले. सतराच्या पाढ्यापर्यंत तिनं सहन केलं, एकोणिसाच्या पाढ्याला तांब्या उडाला. मग मी नाइलाजानं आमच्या जुन्या शाळेतलं प्रयोगशाळेच्या सामानाचं प्रकरण काढलं. कोणी सह्या केल्या, काचेच्या नळ्या कुठं गेल्या. शेळीनं कान टवकारले आणि पान्हा सोडला. एवढी वर्षं जे मी कुणाजवळ बोललो नव्हतो ते सगळं आता तिला माहीत आहे. बायकोची धार याहून जास्त निघते, जवळजवळ पाऊण लिटर. ती शेळीच्या कानाशी काय बोलते ते ऐकू येत नाही, पण मी जवळ गेलो की दोघी गप्प होतात.

दुधाचा उठाव हे वेगळंच प्रकरण. एरवी आमचं दूध बघून लोक नाक मुरडतात. "वास येतो हो." वास येतो तो बोकड जवळ बांधला तर, नाहीतर भांडं नीट घासलं नाही तर. आमचे मेव्हणे या बाबतीत फार कडक. त्यांना बायकोनं न सांगता शेळीच्या दुधाचा चहा दिला. "वा ताई, अशी चव पुण्यात नाही!" दोन कप झाले, तिसरा मागितला, तेव्हा आईनं भाबडेपणानं सांगून टाकलं. मेव्हण्यांनी रिकामा कप हुंगला. "तरीच मला मघापासून येत होता."

पण पावसाळा सरत आला, पुण्यात डेंग्यू सुरू झाला की हेच मेव्हणे पहाटे गाडी घेऊन दारात. शेळीच्या दुधानं प्लेटलेट वाढतात, असं त्यांना मोबाईलवर आलेलं असतं. डॉक्टर सांगतात याला काही पुरावा नाही, पण डॉक्टरांना कोण विचारतो? ज्या लोकांनी आमच्या गल्लीतून जाताना रुमाल काढला, ते थर्मास घेऊन ओळीत उभे असतात. सगळ्यांना कच्चं, धारोष्ण पाहिजे. मी सांगतो, उकळून प्या, कच्च्या दुधातून ब्रुसेला नावाचा जंतू जातो, मग महिनामहिना ताप हटत नाही. त्यावर एकजण म्हणाला, "गांधीजी पीत होते, त्यांना काय झालं?" मी म्हटलं, गांधीजींनी दूध सोडायचं व्रत घेतलं होतं, १९१९ साली आजारपणात कस्तुरबांनी सुचवलं म्हणून शेळीचं सुरू केलं, आणि त्याची टोचणी आत्मचरित्रात लिहून ठेवली. शिवाय त्यांच्याही शेळीचा पाय कुणीतरी धरत असणारच, पण इतिहासानं त्याचं नाव ठेवलेलं नाही. "तेव्हा जरा पाय धरता का?" ओळ निम्मी झाली.

शेळी माजावर आली की घरात कुणाला झोप नाही. रात्रभर शेपूट हलवत बें बें. माज टिकतो दीड दिवस. तो चुकला तर पुन्हा एकवीस दिवसांनी हाच गोंधळ. चार शेळ्यांना स्वतःचा बोकड परवडत नाही, म्हणून पलीकडच्या वस्तीवर न्यावं लागतं. बांडीला नेलं ते माझ्याच एका माजी विद्यार्थ्याच्या मोटारसायकलवर. तो पुढं, मी मागं, मध्ये मांडीवर बांडी. रस्त्यात भेटेल तो थांबतो.

"गुरुजी, कुठं निघाला?"

"जरा पाहुण्यांकडं."

"आन् शेरडू कशापायी?"

ज्या गावात जन्मभर संस्कार शिकवले तिथं काय सांगणार? "पाहुण्यांचं काम तिच्याकडंच आहे."

बोकड बघून मी चार पावलं मागं सरलो. माजावरचा बोकड स्वतःच्याच दाढीवर लघवी करतो. हा त्याचा शृंगार. बांडीला तो पसंत पडला. पण पाय धरायची वेळ इथंही आलीच आणि त्या शृंगाराचा वाटा मलाही मिळाला. परत येताना विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, ह्यो वास साबणानं जात न्हाई. दोन दिस लागत्यात." त्याच संध्याकाळी गावात लग्न होतं. आमच्या घरच्यांना पंगतीत अख्खी ओळ मोकळी मिळाली.

त्या लग्नातला उरलेला मसालेभात दुसऱ्या दिवशी कुणीतरी मायेनं आमच्या संगमनेरीला घातला. मुकं जनावर! मुक्या जनावरानं परातभर खाल्ला आणि रात्री तिची डावी कूस डफासारखी फुगली. शेळीच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला मोठा डावीकडं, आणि एकदम इतकं धान्य पडलं की तिथं आंबायला लागतं. बातमी फुटताच फोन सुरू झाले. एकानं हिंग सांगितला, एकानं ताक, एकानं शेळीला डोंगर चढवायला सांगितलं. चुलतभावानं पुण्याहून व्हिडिओ पाठवला, तो गाढवाचा निघाला. शेवटी पशुवैद्यकांचा फोन लागला. "गोडंतेल पाजा, थोडं थोडं. मान फार वर करू नका, ठसका लागून फुफ्फुसात जाईल. पुढचे पाय उंचावर ठेवा, कूस चोळत राहा. मी निघालोच." मग आई तेल पाजते, मी कूस चोळतो, बायको पुढचे पाय पायरीवर धरून उभी. ज्या घरात जेवताना ढेकर दिला म्हणून आईनं मला पन्नाशीतही झापलंय, त्या घरात आम्ही तिघं श्वास रोखून ढेकराची वाट पाहत होतो. दोनच्या सुमाराला तो आला. मोठा, लांबलचक, मसालेभाताच्या वासाचा. आईनं देवापुढं साखर ठेवली. डॉक्टर आले, तपासलं, औषध पाजलं आणि जाता जाता म्हणाले, "गुरुजी, सल्ला एकच. लोकांचं ऐकू नका." यांना मी पाय धरायला सांगितलं नाही.

मध्यंतरी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. एका पॅनेलचे उमेदवार सकाळी सकाळी हात जोडून दारात. मागं पांढऱ्या कपड्यांतली पाचसहा पोरं. "गुरुजी, आशीर्वाद असू द्या. काय सेवा असंल तर सांगा." मी तांब्या घेऊन निघालोच होतो. सवयीनं तोंडातून गेलं, "जरा पाय धरता का?"

मला वाटलं यांनाही गॅस आठवेल. पण उमेदवार खरोखरच खाली बसले. काळीचा मागचा उजवा पाय दोन्ही हातांनी धरला, मान लववली आणि हसरा चेहरा मोबाईलकडं केला. पोरांनी फोटो काढले. काळीनं त्यांच्या टोपीचा कोपरा चघळून पाहिला. इतकी माणसं आणि इतकी कुजबूज एकदम मिळाल्यावर ती हरखली असावी. तांब्या काठोकाठ भरला.

तासाभरात फोटो गावभर झाला. दुपारी विरोधी पॅनेलचे लोक धापा टाकत आले. त्यांचा म्होरक्या फारच दुखावलेला होता.

"गुरुजी, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती. तुम्ही सगळ्यांचे. त्यांनाच कसा काय पाय दिला?"

मी काही बोलायच्या आत बायको आतून म्हणाली, "भाऊ, डावा शिल्लक आहे. संध्याकाळी साडेपाचला या. आणि येताना सुबाभळीची पेंढी घेऊन या, वर बांधायची उंची मी सांगते."